पाळणा सुताराकडे गेला

प्रिय एर्निस,

हे पत्र शेजारच्या समातच्या हाती देतेय, शुक्रवारी त्याची व्हॅन मॉस्कोला निघेल. फोनवर तू दर वेळी "आवाज तुटतोय" म्हणतोस, आणि मला जे सांगायचंय ते तुटक सांगण्यासारखं नाही. माझ्या पोटाचं ऑपरेशन करायचं की नुसत्या गोळ्यांवर राहायचं, एवढाच विषय आहे म्हण. सात वर्षांच्या संसारातलं हे माझं तुला पहिलंच पत्र.

इथे आत-बाशीत अजून बर्फ आहे. तपकिरी गाय व्याली. तिच्या दुधाची साय तुझ्या आई रोज माझ्यापुढे ठेवतात, "खा, अंगात ऊब धरेल." माझ्या दुखण्याचं त्यांच्याकडे एकच निदान, मी कधीतरी गार दगडावर बसले असणार. डिसेंबरात तर मेंढी कापून तिच्या ओल्या कातड्यात मला गुंडाळून ठेवलं. मी घामाघूम झाले, आठवडाभर अंगाला वास येत राहिला, कळ मात्र जागची हलली नाही.

तुला हे नीट कधी सांगितलंच नाही. आठवतं, लग्नानंतर महिन्याभरात तुझ्या थोरल्या काकांना चहा देताना मी एकदम कमरेत वाकले होते? सगळ्यांना वाटलं, सुनेने वाकून नमस्कार केला. काका केवढे खूश! "बघा, हल्लीच्या पोरींच्या कमरेत जसा काही खिळा असतो, आणि ही बघा! लेकुरवाळी हो गं!" पोटात कोणी सुरी फिरवावी तसं होत होतं आणि मी आशीर्वाद घेत होते. तेव्हापासून वाकणारी सून म्हणून गावभर माझं कौतुक. मलाही ते सोयीचं पडलं. कळ आली की आसपास कुणी वडीलधारं आहे का बघायचं आणि वाकायचं. एवढे आशीर्वाद जमलेत की ठेवायला जागा नाही.

जानेवारीत मावशीकडे जाते सांगून बिश्केक गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. डाव्या अंडाशयात अक्रोडाएवढी गाठ, जुन्या रक्ताने भरलेली, आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं. एन्डोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. खोटं कशाला सांगू, नाव ऐकून मला बरं वाटलं. निदान तो गार दगड नव्हता.

मग त्यांनी दोन्ही वाटा समजावल्या. ऑपरेशन केलं तर गाठ निघेल, पण तिच्याबरोबर अंडाशयाचा थोडा भागही जाईल, आणि दुखणं पुन्हा उगवणारच नाही अशी खात्री नाही. मात्र त्यानंतरचे सहा-आठ महिने मूल राहायला सगळ्यात चांगले. गोळ्यांनी कळ निजते, पाळी थांबते, पण गोळ्या चालू आहेत तोवर मूल नाही. "गोळ्या घाई नसलेल्या बायकांसाठी. तुम्हाला मूल लवकर हवंय का? तेवढं सांगा, बाकी मी बघते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हवंय. "आणि नवरा?" परदेशी असतो, पण बोलावलं की येईल. किती ठासून सांगितलं मी, एर्निस!

मी ऑपरेशन निवडलं. बारा मार्चची तारीख घेतली. भूल दिल्यावर जागच आली नाही तर, ही भीती होती, तरी घेतली. म्हणून तर तुला फोनवर म्हटलं, एप्रिलमध्ये ये, थोडे महिने राहायच्या तयारीने ये. तू म्हणालास, "बघू."

घरी आले तर आईंनी घराण्याचा पाळणा खाली काढलेला. तुझा पाळणा. त्या त्याच्या लाकडाला लोणी चोळत होत्या. मला वाटलं, मी न सांगताच यांना कळलं. मीही लगेच फडकं घेऊन बसले. दोन दिवस आम्ही दोघी तो घासत होतो, काही न बोलता. तिसऱ्या दिवशी पाळणा दिसेना. "दांडी सैल झाली होती, सुताराकडे दिलाय," आई म्हणाल्या.

गेल्या सोमवारी दुपारी समातची आई दारातूनच ओरडत आली, "सुयुंचू! सुयुंचू!" आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, म्हणून मी हसतच पुढे झाले. "पोचला गं पाळणा मॉस्कोला! पोरगं पहिल्याच दिवशी त्यात गाढ झोपलं म्हणे, अगदी एर्निसचा तोंडवळा. तू स्वतःच्या हाताने पुसून पाठवलास, तुझी सासूच सांगत होती. केवढं मन बाई तुझं!" लग्नात सून झाल्याची खूण म्हणून आईंनी माझ्या डोक्यावर बांधलेला पांढरा रुमाल मी तिला देऊन टाकला. वर वाकून नमस्कारही केला. तेव्हा पोटात कळ नव्हती. "लेकुरवाळी हो," म्हणाली आणि गेली.

शिव्या द्यायला हे पत्र लिहिलं नाही. त्या फोनवरही देता आल्या असत्या, आवाज तुटला असता तरी पोचल्या असत्या. बारा तारीख मी रद्द केली, एवढंच कळवायचं होतं. एप्रिलमध्ये ये म्हटलं होतं, ते राहू दे. पहिली गोळी आज सकाळी घेतली. आई कोमट दूध ठेवून गेल्या. गोळी कसली हे त्यांनी विचारलं नाही, सुतार कधी देणार हे मी विचारलं नाही. मला आता घाई नाही.

अजून तुझ्याच घरात असलेली,
बेगायिम