सत्तुराच्या तालावर

तीर्थरूप बाबांना, इथूनच वाकून नमस्कार.

ज्या दुकानाने मला शिकवलं, त्या दुकानातलं मटणच मी का सोडलं? बाबा, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

मटण सोडून तीन महिने झाले. तब्येत उत्तम आहे. आईला सांगा, डाळ-भाजी पोटभर खाते, काडी झालेली नाही.

रोज पहाटे अर्धवट झोपेत लाकडी ठोकळ्यावर तुमचा सत्तूर ऐकू येतो. त्याच तालावर मी पाढे पाठ केले होते आणि तुम्ही मला 'मास्तरीण' म्हणू लागलात. मग दिसतं, बकऱ्या दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून माझ्या वह्या चघळताहेत आणि तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवताय. त्यानंतर मटणाचा घासच उतरत नाही.

तुमची पाठ अजून दुखते का?

काल डबा खाताना, मी मटण सोडल्याचं ऐकून ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "आता कशी शिकलेली वाटतेस!" ते मात्र झोंबलं. मी म्हटलं, "शिकले ते सत्तुराच्या जिवावरच गं."

दुकानात सत्तूर घेऊन हसतानाचा तुमचा फोटो इतके दिवस बॅगेतच होता. आज सकाळी तो ऑफिसच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

तुमची,
मास्तरीण