नऊ राज्यांची जेवणाची सुट्टी

डेटन, ओहायो
१४ मे

आदरणीय ऑगस्टा मावशीस,

डोरीनचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? फ्रेस्नोत उन्हं तापू लागली असतील, तेव्हा भर दुपारी बागेत खुरपं घेऊन बसू नकोस (बसशील, माहीत आहे मला). इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आज तर जास्तच बरे, कारण अकरा दिवसांनी पहिल्यांदाच माझ्या घशाखाली घास नीट उतरला. काय झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण ऑफिसात ते कुणाला सांगायची सोय नाही. तिथे सगळ्यांना ते माहीत आहे आणि चूक कुणाची होती तेही माहीत आहे.

तुला ठाऊकच आहे की आमची हॉफसाहेबांची कंपनी चर्चमधले ते खोलीएवढे, नळ्यांचे ऑर्गन दुरुस्त करते. माणसं एकतीस, आणि ती पसरली आहेत नऊ राज्यांत. त्यांच्या सुट्ट्या, रजा, कामाचे तास हे सगळं त्या त्या राज्याच्या कायद्यात बसवायचं काम माझं. हे काम म्हणजे नऊ सासवांच्या हाताखाली नांदणं आहे. इलिनॉयला माणसाला जेवायला वीस मिनिटं द्यावी लागतात. आयोवात मोठ्या माणसाने जेवावं की उपाशी राहावं याबद्दल कायद्याला काहीच म्हणायचं नाही. आणि तुमच्या कॅलिफोर्नियात पाचवा तास संपायच्या आत जेवण सुरू झालं पाहिजे, तीस मिनिटं हातात काम नको, शिवाय या सगळ्याची रोजची नोंद हवी. नोंद नसली तर माणूस जेवलाच नाही असं धरून चालतात, मग तो तुमच्यासमोर ढेकर का देईना.

मी म्हटलं, नऊ नियम कशाला पाळायचे? सगळ्यांत कडक तो एकच सगळ्यांना लावू. म्हणून मी एकतीस फोनांवर गजर बसवला, तोही माझ्याच आवाजात (कोण कुठली यंत्रातली बाई सांगतेय म्हणून दुर्लक्ष नको): "जेवणाची वेळ झाली आहे. हातातलं काम ठेवा आणि जेवायला चला." गजर बंद केला की वेळेची नोंद आपोआप होणार. हॉफसाहेबांनी माझी पाठ थोपटली. तीन आठवडे मी हवेत होते.

मग आयोवात एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याचा अंत्यविधी चालू होता आणि आमचा कारागीर ऑटो ऑर्गनच्या आत, मध्येच वाजू नये म्हणून एक अडकलेली नळी धरून बसला होता. पाद्रीबाबा मृताच्या सद्गुणांवर आले असतानाच वरून, ऑर्गनच्या पोटातून, माझा आवाज घुमला. आता तिकडे अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण असतंच. माणसं निमूटपणे उठली, ओळीने जिना उतरली आणि हॅमची सँडविचं खायला बसली. वर उरले पाद्रीबाबा, शवपेटी आणि ऑटो. बाबांनी कंपनीला लिहिलेल्या पत्रात 'ती बाई' असा माझा चार वेळा उल्लेख आहे.

त्या दिवशी रागाच्या भरात मी गजर बंद केला. नऊच्या नऊ राज्यांचा. आठ ठिकाणी काही बिघडलं नाही. बिघडलं ते अकरा महिन्यांनी, जेव्हा कॅलिफोर्नियाच्या कामगार खात्याचं पत्र आलं की तुमच्या तिथल्या कर्मचाऱ्याच्या जेवणाच्या नोंदी दाखवा. तिथला कर्मचारी एकच, वेंडेल इशिदा. तीन वर्षं ते तुमच्याच चर्चचा जुना ऑर्गन दुरुस्त करताहेत, तेव्हा तू त्यांना पाहिलं असशीलच. हॉफसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "डोरीन, एका माणसासाठी एवढं झेंगट नको. ते राज्यच सोडू." म्हणजे वेंडेलना घरी पाठवायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कधी मोठ्या आवाजात न बोललेला माणूस, आणि घरी जाणार तो माझ्या रागापायी. मला खरोखर रडू आलं. मी त्यांना फोन करून सगळं कबूल केलं, तर ते एवढंच म्हणाले, "नोंदी आहेत ना. फक्त खात्याच्या माणसांना वर चढावं लागेल."

खात्याच्या बागदासारियनबाई काल शिडीवरून ऑर्गनमध्ये चढल्या. या धंद्यातली जुनी माणसं ऑर्गनच्या आतल्या फळीवर पेन्सिलीने तारीख आणि हवेची उष्णता (फॅरनहाइटमध्ये) लिहून ठेवतात, कारण सूर उष्णतेवर हलतात. वेंडेलनी त्यापुढे जेवणही लिहिलं होतं. रोज, तीन वर्षं. '१२ ते १२:३०, अंड्याचं सँडविच, ६८ अंश.' बाईंनी फळीचे एकेचाळीस फोटो काढले आणि मला फोनवर म्हणाल्या, "बाई, मोठ्या कंपन्यांचीही दफ्तरं इतकी स्वच्छ नसतात." वेंडेलची नोकरी राहिली. हॉफसाहेब आता फळीवरच्या नोंदींची युक्ती आधीपासून आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं बोलताहेत, बोलू देत.

गुडघ्याला जप. सगळ्यांचा नमस्कार.

तुझी भाची,
डोरीन

ता. क. एक छोटा कागद हवा आहे, त्यासाठीच खरं तर हे पत्र. त्या अर्ध्या तासात वेंडेल खरंच काम करत नव्हते असं लिहून देणारा साक्षीदार बाईंना पाहिजे. गेल्या दोन वर्षांच्या प्रत्येक गुरुवारी फळीवर 'ऑगस्टाबरोबर, बाहेरच्या बाकावर' असं लिहिलंय. मावशी, मला तू म्हणाली होतीस की गुरुवारी चर्चमध्ये फुलं लावायला जातेस. असो. सहीनिशी दोन ओळी पाठव.

दुसरा ता. क. फोटो मी सगळे वाचले, वाचणं माझं कामच आहे. शेवटचे चार गुरुवार असे आहेत: 'आज विचारणार, ६८ अंश. विचारलं नाही, ६९ अंश. विचारलं नाही, ७१ अंश. विचारलं नाही, ७४ अंश.' कर्मचाऱ्यांच्या खाजगी गोष्टींत पडायची मला नवांपैकी कुठल्याही राज्यात परवानगी नाही, म्हणून मी पडत नाही. पण उन्हाळा वाढतोय, तेव्हा या गुरुवारी तूच विचार.