चित्राखालच्या चार ओळी

१२ नोव्हेंबर
पेज उघडून आज आठ दिवस. अकरा माणसं. त्यातली सात आमच्याच भावकीतली. देऊळ टाकलं, गुलमोहर टाकला, नंदी टाकला. नंदीला सगळ्यात जास्त अंगठे.
खाली दुकानात हे एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या घरी चित्रं काढतात. ऑनलाईन." ती बाई बांगड्या भरून घेत म्हणाली, "घेतं का कुणी इकत?" हे हसले. मी जिन्यातूनच परत वर गेले, ब्रश धूत बसले. लाज नेमकी कशाची वाटली? काढते त्याची की विकायला मांडलं त्याची...

१७ नोव्हेंबर
रंजीचं चित्र झालं. भाऊबीजेला माहेरी, शिरूरला गेलते तेव्हाच्या फोटोवरून. ती गावातच दिलेली, सासरच्या दारात उभी, डोक्याला टॉवेल, हसतीय. हसताना तिचा एक दात खालच्या ओठावर टेकतो, शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून तसाच. त्या दातापायी चार दिवस गेले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम.
पेजवर टाकताना तिला विचारलं नाही. विचारायचं काय, रंजीच तर आहे. शिवाय ती नवराबायको आता ऊसतोडीला कोल्हापूरकडं. फडात फोन लागत नाही म्हणा.
(लागतो. परवाच तिचा आला होता.)

२१ नोव्हेंबर
नऊ अंगठे. एका अनोळखी बाईंनी लिहिलं, "सुंदर. कोण आहे ही? हिची गोष्ट सांगा ना."
दुपारी दुकान बंद होतं तेव्हा लिहिली. चार ओळी. भाऊबीजेच्या दिवशी मागच्या दारी भांडी घासता घासता रंजीनं सांगितलं ते. एकोणीस वर्षांमागं फडातच बाळंत झाली, सातव्या महिन्यात. लेकरू गेलं. बांधाला पुरलं. तिसऱ्या दिवशी उसाच्या मोळ्या बांधायला उभी. शेवटी मी माझ्या मनचं जोडलं, "तरीही ती हसते."
नाव नाही लिहिलं. शिरूर लिहिलं.
"कुणाला सांगू नको" असं ती म्हणाली नव्हती. म्हणायची गरज तिला वाटली नसेल.
लिहिताना हात कुठंही अडला नाही. हे इथं लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर
हजाराच्या वर लोक! रडू आलं म्हणतात. पुण्याच्या एका गृहस्थांनी चित्र मागितलं, ऑफिसात लावायला. भीत भीत किंमत सांगितली तर लगेच हो. हे पेढे घेऊन आले. अप्पांच्या हातावर पहिला पेढा ठेवला. सासरे कधी सुनेचं कौतुक करत नाहीत, पण म्हणाले, "सुमननं नाव काढलं."
दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

२६ नोव्हेंबर
काचेच्या बांगड्यांच्या खोक्यातला पेंढा घालून चित्र बांधलं, कुरियरला दिलं.
आता पुढचं कोणाचं? धुण्याभांड्याच्या शांताबाईंना सहज विचारलं, तुमचं लहानपण कसं गेलं. त्या फरशी पुसता पुसता थांबल्या. "कावून? कशाला इचारता?"
मी चहा टाकायला उठले.

४ डिसेंबर
रंजीचा फोन. जसं आठवतं तसं लिहिते.
"सुमे, मी तुझ्यापाशी बोलले होते. तू समद्या दुनियेला सांगितलंस."
तिची पूजा बीडला नर्सिंग शिकते. तिला मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवलं, ही तुझी आईच ना? पूजाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं फडात फोन लावून विचारलं, "आई, माझ्या आधी कोण होतं?"
"टोळीतल्या धा बाया भवती उभ्या. काय सांगू मी लेकीला? फोन बंद केला. आता ती माझ्याशी बोलत न्हाई."
मी म्हणाले, नाव कुठं लिहिलंय तुझं. असलं माझं तोंड.
"नाव कशाला लागतंय? दात काढलाय की माझा."
पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज नुसता. मग म्हणाली, "तू इचारलं असतंस तर मी न्हाईच म्हणाले असते. म्हणून इचारलं न्हाईस तू."
ठेवला.
खरं आहे ते. अक्षर न् अक्षर.

५ डिसेंबर
पेजवरून ओळी काढून टाकल्या, फोटोही. उपयोग शून्य. आमच्या केजातल्याच दोन ग्रुपांवर फिरतंय, मागं सनई लावून. दुकानात एक बाई म्हणे, "त्या बिचारीचं पुढं काय झालं हो?" ह्यांनी आठवडाभर सगळ्यांना कौतुकानं दाखवलेलं.
ह्यांना सांगितलं सगळं. म्हणाले, "होईल शांत. तू काय खोटं लिहिलंस का?"
खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर
पुण्याला फोन केला. पैसे परत देते, चित्र द्या. ते म्हणाले, फ्रेम झाली, भिंतीवर लागलं, खाली तुमच्या ओळीही छापून लावल्यात, येणारा प्रत्येक जण थांबून वाचतो. म्हटलं, निदान तो कागद तरी काढा. माणूस सभ्य. शांतपणे म्हणाले, "मॅडम, मग त्यात राहतं काय?"
मला वाटत होतं, दात राहतो. पुन्हा तेच म्हटलं, कागद काढा. विचार करतो म्हणाले.

२ जानेवारी
शिरूरला जाऊन आले. रंजी फोन उचलत नाही, म्हटलं तिच्या सासूच्या तरी पाया पडावं. म्हातारी एकटीच, दोन शेळ्या. मला बघून हरखली. "तू काढलेल्या चित्रात आमची रंजना लई ग्वाड दिसती म्हनं. मला कुणी दावलंच न्हाई."
तिला ओळींचं कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं. चहा दिला, तो प्याले. निघताना तिनं पिशवीत शेरभर बाजरी घातली. नको म्हणायला तोंड उघडलं, मिटलं.
बाजरी तशीच पडून आहे.

२९ जानेवारी
पेजवर विचारतात, नवीन कधी? एक वांगं काढलं. वांग्यासारखं वांगं. टाकलं नाही.

१४ मार्च
आज दुपारी दुकानात एक मुलगी. मला वाटलं गिऱ्हाईक. म्हणाली, "मी पूजा. रंजनाची."
वर घेऊन गेले. पाणी दिलं. ती रंग, ब्रश बघत राहिली, बसेना.
"मावशी, एकच विचारायचंय. ती मुलगी होती का मुलगा? तुमाला माहीत असेल."
माहीत आहे. रंजीनं सांगितलेलं. मनातल्या मनात ठेवलेलं नावसुद्धा सांगितलेलं. चार ओळींत ते बसलं नाही म्हणून राहून गेलं होतं. आता जिभेवर आलं, किती सहज आलं!
म्हटलं, "आईला विचार."
"जगाला सांगितलंत. मलाच न्हाई?"
खाली बघितलं मी. "ते माझं नव्हतं गं. आता तरी नको सांगायला लावू. तुझ्या फोनवरून लाव तिला. उचलेल."
तीन महिन्यांत धड बोलली नाहीये ती आईशी. फोन हातात घेऊन उभीच राहिली. मग लावला. "आई, मी केजात आहे. सुमनमावशीकडं." एवढं ऐकलं आणि मी दार ओढून घेतलं, खाली दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. हे विचारत होते, काय झालं, त्यांना हातानंच गप्प केलं.
अर्धा तास असेल. जास्तही असेल.
पूजा खाली आली. डोळे लाल. फोन माझ्यापुढं धरला, "आई आहे."
कानाला लावला. रंजी म्हणाली, "तिला जेवू घाल. सकाळपून उपाशी हाय. सहाच्या गाडीत बसवून दे."
मी रंजे, रंजे म्हणाले तोवर बंद.
पिठलं टाकलं, भाकरी केल्या. पूजा खाली मान घालून जेवली. काय बोलणं झालं ते विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आणखी अर्धी भाकरी तेवढी मागून घेतली.