एकोणीस पूर्णांक चार

बाबा, आज एका जुन्या ड्रायव्हरचं डॉक्युमेंटेशन, मीच पूर्वी लिहिलेली माहितीपुस्तिका, दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं. ड्रायव्हर म्हणजे काय, हे तुम्ही लंडनमधल्या ईलिंगच्या घरी ओट्याशी उभे राहून मला तीनदा विचारलं होतं. सेन्सर तापमान मोजतो, ते कॉम्प्युटरला कळेल असं सांगणारा मधला छोटा प्रोग्रॅम, एवढंच मी म्हणाले. "म्हणजे वॉर्डातली सिस्टर," तुम्ही म्हणालात. "पेशंटला विचारून येते आणि मला सांगते." मग चहा गाळता गाळता पुढचा प्रश्न: "आणि पेशंट उत्तरच देईना झाला, तर तुझी सिस्टर काय सांगते?"

उत्तर मला ठाऊक होतं. सेन्सर गप्प झाला, की तो ड्रायव्हर शेवटचा मिळालेला आकडाच पुन्हा पुन्हा सांगत राहायचा. मसुद्यात मी तसं लिहिलंही होतं. पण शुक्रवारी रिलीज होतं, त्या एका वाक्यासाठी इंजिनिअर लोकांबरोबर आणखी एक मीटिंग लागली असती, म्हणून मी ते काढून टाकलं. तुम्हाला म्हणाले, "अहो बाबा, सहसा तसं होत नाही." तुम्ही भुवई उंचावलीत. हॉस्पिटलात जन्मभर पुढच्या पाळीच्या डॉक्टरसाठी हँडओव्हरच्या नोट्स लिहिलेला माणूस 'सहसा' या शब्दावर कसा गप्प बसणार? शाळेतल्या माझ्या निबंधांनाही तुमचा तोच नियम असायचा: "वाचणारा दमलेला आहे असं धरून लिही. आणि घात कुठे होईल, ते आधी सांग." त्याच नियमावर मी इतकी वर्षं पगार घेते आहे.

आई गेल्यावर केंब्रिजहून सारखं येणं जमेना, तेव्हा तोच सेन्सर मी तुमच्या हॉलमध्ये लावला. घर किती गरम आहे ते आता मला फोनवर दिसेल, असं सांगितलं. तुम्ही शेजारच्या बाईंना दोनदा बोलावून दाखवलात.

मग जानेवारीतला तो वीकेंड. शनिवारी सकाळी हॉलच्या बाजूची वीज जाते, तिच्याबरोबर घर गरम ठेवणारा बॉयलर आणि सेन्सर दोन्ही बंद पडतात. माझ्या फोनवर एकोणीस. सोमवारी मी दार उघडते, तर तुम्ही किचनमध्ये ओव्हरकोट आणि माकडटोपी घालून, कप दोन्ही हातांत धरून बसलेले.

"फोन का नाही केलात?"

"अगं, तुला दिसत होतं ना! म्हटलं कामात असेल, येईल सवडीने."

आवाजात तक्रार नव्हती. दोन दिवस तुम्ही असं समजून बसला होतात, की घर गार पडलंय हे मला दिसतंय आणि तरी मी येत नाहीये. मी म्हणाले, "सेन्सर खराब निघाला, बाबा." तुम्हाला ते लगेच पटलं. "यंत्र आहे, चालायचंच. तुझी काय चूक?" वर मलाच चहा करून दिलात. पुढे तीन वर्षं होतात तुम्ही. ते काढून टाकलेलं वाक्य मी तुम्हाला कधीही सांगितलं नाही.

आज ते वाक्य पानावर सगळ्यात वर घातलं: सेन्सरकडून उत्तर आलं नाही, तर दिसणारा आकडा जुना असतो. 'सहसा' कुठेही नाही. तुम्ही वाचून मान हलवली असती. हे पत्र मात्र या फाइलमध्येच राहील, कारण यातही मी एक गोष्ट शेवटापर्यंत मागे ठेवली. त्या रविवारी दुपारी मी फोन पाहिला होता. आदल्या सकाळपासून एकोणीस पूर्णांक चार, दशांशही हललेला नव्हता. राहत्या घरात असं कधी होत नाही, हे मला त्याच क्षणी जाणवलं होतं. तरी घर गरम आहे, मग आज बोललं नाही तरी चालेल, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला.