‘करंट’चं पहिलं गाणं आणि माझा नारळ

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप रामकलीताईच्या पायाशी धाकट्या वच्छलाचा दंडवत.

इकडे देवाच्या दयेने सगळे धडधाकट. मीच तेवढी हसून हसून बरगड्या धरून आहे. तुझे गुडघे कसे आहेत? (तिळाचं तेल चोळ, महागाचं मलम आणू नको.) फोनच करणार होते, पण मी फोन धरला की सोनिकाचे बाबा बाजूला येऊन बसतात, म्हणून हे पाकीट.

आपली सोनिका ‘करंट’ नावाच्या बँडमध्ये ड्रम बडवते, ते तुला ठाऊकच आहे. रॉक म्हणतात त्याला. (घरात सराव सुरू झाला की डब्यातली डाळ आपोआप सपाट बसते, तेवढाच फायदा.) त्यांना नागपूरच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, तर बाबांनी अट घातली, “आधी मंडईच्या जत्रेत गावापुढं वाजव. लोकं उठून घरी गेले तं ढोल इकून टाकीन.” पोरीचं जेवण सुटलं. मी मारुतीला नारळ बोलले. (एकच. जास्त बोललं की आपण घाबरलो ते देवालाही कळतं.)

मंडईत लोक आले होते दंडारीचा नाच बघायला. ‘करंट’ने दोन हिंदी गाणी वाजवली आणि पुढे बसलेल्या आमच्या भजनी मंडळाच्या बायका चटया झटकू लागल्या. बाबा विकायच्या बैलाकडे पाहावं तसे ड्रमकडे पाहू लागले. सोनिका ठरलेलं सगळं विसरली आणि तिने धरलं बँडचं अगदी पहिलं गाणं. दहावीत असताना केलेलं, तेव्हा तिला एकच ठेका येत होता. आजवर कोणी ऐकलेलं नाही, वाजवायची त्यांनाच लाज वाटते. गाणारी चंचल बिचारी ओरडू लागली, “उतर रे माकडा, उतर रे, कवेलू फुटले, उतर रे.” छपराची कौलं फुटली, संपलं गाणं. एवढंच आहे.

पण मंडळाच्या बायजाबाई काखेत चटई घेऊन थबकल्या. “अवो, जाता कुठी? मारुतीचं होय हे. हात जोडा.” आता मारुतीचं सुरू असताना प्रसाद घेतल्याशिवाय आपल्याकडे कोण उठतं? पिशव्यांतून टाळ निघाले. बँडने गाणं संपवलं तरी बायका सोडेनात, पुन्हा माकड, पुन्हा कवेलू, दर खेपेला आणखी जलद. गिटारवाला पोरगा घामाने निथळला. गेलेली माणसं परत आली. शेवटी सोनिकाच्या बाबांनी चपला काढल्या, माझ्या पिशवीतला नारळ घेतला, मंचावर चढून ड्रमपुढे फोडला. (मंदिरात वेगळा न्यावा लागला नाही.)

घरी आल्यावर म्हणतात, “आता इकतो कसा? देवाचे झाले ते.”

तुझी,
वच्छला

ता. क. — नागपूरला आम्ही सगळे येतोय, भजनी मंडळासकट. मुक्काम तुझ्याकडे. तांदूळ इकडून आणते.

आणखी ता. क. — खरी विनंती ही. भाजी खारट झाली म्हणून रुसून कवेलूवर कोण चढून बसलं होतं, हे सोनिकाच्या दहावीच्या उन्हाळ्यात तू स्वतः पाहिलंस. खाली उभी राहून मी जे ओरडत होते ते पोरीने फोनमध्ये भरून घेतलं, तेच हे गाणं. सोनिकाच्या बाबांना पत्ता नाही. हल्ली घरात सराव लागला की डोळे मिटून हात जोडतात. कळलं तर नागपूर बुडालं. म्हणून वाचून झालं की हे चुलीत घाल (शिक्का पुसट असेल तर तिकीट आधी काढून घे), आणि गाणं सुरू झाल्यावर पदर तोंडात धर, पण माझ्याकडे बघू नको.