नाई दुखत

माय, तुझी नात आता दुसरीत आहे. तू तिला पाहिलं नाहीस, तिच्या बापालाही पाहिलं नाहीस. माझं लग्न ठरायच्या कितीतरी आधी तू गेलीस. आम्ही कोरपन्याच्या बाजूला राहतो, सिमेंट कारखान्याजवळच्या गावात. तिचे बाबा कारखान्यात पॅकिंगला आहेत आणि मी घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकली आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस, असं काही ना काही चालू असतं. आपल्या चिमूरकडच्या धानाच्या बांध्या इथं नाहीत, इथं जिकडे तिकडे कापूस, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत बारीक धूळ बसते. पोरगी मात्र बोलते तुझ्यासारखी. शाळेत 'मला, तुला', आणि घरात पाय ठेवला की 'मले, तुले'. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे काही शब्दांतून नुसती हवा निघते. आज सकाळी ती शाळेत गेली, मी मशीनवर बसले, पण हातच चालेना. कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं आणि जिवंत माणसांतलं कुणी सुचेना. म्हणून तुला लिहिते आहे.

आधी भावाचं बोलते. आपण दोघी त्याच्याबद्दल कधी बोललोच नाही. तू जिवंत होतीस तेव्हा त्याचं नाव निघालं की तू उठून काहीतरी काम काढायचीस. मला ती हिवाळ्यातली सकाळ लख्ख आठवते. तू बोडीवर, गावच्या तळ्यावर, कपडे धुवायला निघालीस आणि तो मागे लागला. कितीतरी दिवसांनी त्याच्या पायांचं दुखणं थांबलं होतं. तू त्याला काठावरच्या दगडावर बसवलंस. त्यानं आधी पाय सोडले पाण्यात, मग गुडघ्यापर्यंत उतरला, मग अख्खाच. तू ओरडलीस त्याच्यावर, पण हसतही होतीस, कारण पोरगं खेळत होतं. संध्याकाळी तो विव्हळायला लागला. आजी दारात उभी राहून म्हणाली, "कोणी सांगतलं होतं पोराले पाण्यात घालाले?"  तू मोहाच्या बियांचं, टोळीचं, तेल गरम करून त्याचे पाय चोळत बसलीस. भगत येऊन राख लावून गेला. दुखणं पायातून छातीत चढलं, तेव्हा कुठे आपण एसटीनं चिमूरला निघालो. वाटेत तो तुझ्या मांडीवर शांत झाला आणि तुला वाटलं, त्याला झोप लागली. तू मला बोटानं खूण केलीस, की आवाज करू नकोस. दवाखाना येईपर्यंत मी चूप बसून होते.

त्यानंतर तू बोडीवर गेली नाहीस. बाकीच्या बाया बोडीवर जात, तू गावाच्या त्या टोकाच्या बोरिंगवर धुण्याचं टोपलं घेऊन जायचीस. लोकांनी हळूहळू विचारायचं सोडून दिलं.

माझी पोरगी वर्षाची झाली तेव्हा तिनं पहिली पावलं टाकली. माझ्या नणंदेच्या अंगणात टाकली, कोंबडीच्या मागे. सगळे टाळ्या वाजवत होते. तिचे बाबा उकिडवे बसून दोन्ही हात पसरून "ये, ये" करत होते आणि ती त्यांच्याकडे न जाता कोंबडीकडेच चालली होती. आठवडाही झाला नसेल, तिचे हात आणि पाय सुजले. बोटं फुगून तट्ट झाली. जमिनीवर उभं केलं की किंचाळायची आणि पाय पोटाशी घ्यायची. गावातले डॉक्टर म्हणाले, काहीतरी चावलं असेल. माय, मी तिचा पाय हातात घेतला. हा पाय मी आधी पाहिला होता. तुझ्या मांडीवर पाहिला होता.

चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. तिचंही, आमचंही. आजाराचं नाव सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं दुखतं. डॉक्टरीण बाई कागदावर चित्र काढून सांगत होत्या. आजार आई आणि बाप, दोघांकडून येतो, म्हणाल्या. आई-बापाजवळ तो अर्धाच असतो, त्यांना स्वतःला काही जाणवत नाही. दोन अर्धे एका पोराजवळ गेले, की ते पोर आजारी. आपल्या भागात घरोघरी आहे म्हणाल्या. तिच्या बाबांनी चित्रावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माह्याकडूनबी आलं." बाहेर आल्यावर ते कुठेतरी गेले आणि एक थर्मास घेऊन परत आले. पोरीला कोमट पाणी लागेल म्हणून. तेवढंच त्यांना सुचलं. मला तेवढंही सुचलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी हिंमत करून डॉक्टरीण बाईंना भावाचं सांगितलं, बोडीचंही. विचारलं, "थंड पाण्यानं पोरगं मरते का, मॅडम?" मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील, आणि मी मनातल्या मनात तुला निरोप देईन, की तुझी चूक नव्हती. त्या म्हणाल्या, "थंडीनं दुखणं उठतं. पण आजार पाण्यातून आला नाही, तो त्याच्या रक्तातच होता. उद्या ताप आला असता, परवा ऊन लागलं असतं, तरी उठलं असतं. तुमच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं, तर त्या काय करणार?" माय, मला पूर्ण निरोप हवा होता, मिळाला अर्धा. आजी चुकली होती, पण पूर्ण चुकली नव्हती. तेव्हापासून हे तुला सांगायचं आहे, आणि सांगायला तू नाहीस.

आमचे दिवस कसे असतात ते सांगते. सकाळी गोळ्या. पाणी, सारखं पाणी. शाळेच्या बाई चांगल्या आहेत, पोरीला तासाच्या मधेही पाणी पिऊ देतात आणि लघवीला जाऊ देतात. इतर पोरी उन्हात लंगडी खेळतात, ही सावलीत उभी राहून कोण बाद झालं ते ओरडून सांगते. नोव्हेंबरपासून आत एक गरम बनियन, वर स्वेटर. तिला पोहायचं आहे. तिला पावसात भिजायचं आहे. ती चार महिने चांगली असते, सायकल शिकते, पाढे घोकते, भिंतीवर स्वतःचं नाव लिहून मार खायची पाळी आणते, आणि मी हळूहळू विसरायला लागते. मग एका दुपारी ती मशीनजवळ येऊन उभी राहते, आणि मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळतं. किंवा कळतं असं मला वाटत होतं.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. दुसरीच्या मुलींचा रेला होता. पोरी एकमेकींच्या कमरेत हात घालून गोलात नाचतात. हिला पहिल्यांदाच घेतलं होतं. घरात दिवसभर रेला चालू असायचा. भाजी चिरताना माझ्या कमरेत हात घालून मलाही नाचवायची. मी तिचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं शिवलं, आणि ब्लाऊजला आतून जुन्या स्वेटरचं अस्तर लावलं, बाहेरून दिसू नये असं. त्या दिवशी सकाळी तेल लावताना मी विचारलं, "दुखून राह्यलं का कुठी?"

"नाई."

"खरं सांग."

"नाई दुखत वं आई, पाह्य!" आणि तिनं मला एका पायावर उड्या मारून दाखवल्या. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापासून मशीनपर्यंत. मी हसले. तिचे बाबा म्हणाले, पोरगी जोरात आहे आज.

मी पुढच्या रांगेत बसून फोनवर नाच काढला. ती हसत होती, पडलेल्या दातांची खिडकी दिसत होती. टाळ्या झाल्या, पोरी आत गेल्या, आणि ही काही बाहेर येईना. मी पडद्यामागे गेले. एका खुर्चीच्या पायाला धरून ती खाली बसली होती, ओठ दातांत, डोळ्यांत पाणी नाही. तिच्या शेजारची एक पोरगी मला पाहून रडायलाच लागली. म्हणाली, "काकू, तिनंच सांगतलं, मले घट्ट धरून ठेवजा, सोडू नका." नंतर मी फोनवरचा नाच पुन्हा पाहिला. शेवटच्या फेरीत माझी पोरगी नाचत नाही आहे. दोन बाजूच्या दोघीजणी तिला उचलून नेत आहेत आणि तिचे पाय नुसते जमिनीवर घासत आहेत. चेहरा हसरा. माझ्यासमोर झालं हे, माझ्याच हातात फोन होता, आणि मला दिसलं नाही.

चंद्रपूरच्या त्याच दवाखान्यात तिला भरती केलं. सलाईन, मग रक्त. दुखणं इतकं होतं की पांघरुणाचा काठ पायाला लागला तरी ती ओरडायची. मधेच थांबून, अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "आई, काढ ना."

"काय काढू, बाई?"

"दुखणं. इथून काढ." आणि गुडघ्यावर बोट ठेवलं. जणू काटाच रुतला होता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नुसती बसून राहिले. नर्स आली, सुई दिली, गेली. तिचे बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. आम्ही दोघं धडधाकट माणसं, माय, आणि त्या खोलीत आमचा काहीच उपयोग नव्हता.

रक्त चढलं, दोन-तीन दिवसांत ती सावरली. खाटेवर बसून बिस्किटं खात होती. मी विचारलं, "तुले दुखत होतं ना सकाळपासून? मले काऊन नाई सांगतलं?"

"तू नाचू नसतं देलं."

"बरं. आणखी?"

तिनं बिस्किटाचे दोन तुकडे केले. "सांगतलं की तू तशी होते."

"कशी?"

तिनं मला करून दाखवलं. भुवया वर, तोंड जरासं उघडं, आणि डोळे असे, जसं समोर कुणी मेलेलं पडलं आहे. क्षणभरच. मग पुन्हा बिस्किट खायला लागली. मी तो चेहरा पाहिला आणि मला बाहेर जाऊन व्हरांड्यात उभं राहावं लागलं. इतकी वर्षं मी तिला दूध, पाणी, गोळ्या देत होते, आणि सोबत हेही देत होते.

तू भावासमोर कधी रडली नाहीस. डोळे भरून आले की तू चुलीत ओली काडी सरकवायचीस आणि फुंकत बसायचीस, म्हणजे धूर होईल. मला ते तेव्हाही कळायचं. माझ्या घरी गॅस आहे. धूर कुठून आणू?

तिच्या बाबांनी तिच्याशी करार केला. तू मले सांगत जा, मी रडणार नाई, ओरडणार नाई, पांढरा पडणार नाई. आणि त्यांनी तो पाळला. आता ती त्यांना सांगते. परवा जेवताना तिनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, ते उठले, गरम पाण्याची पिशवी आणली, तिच्या खांद्याला लावली, आणि पुन्हा वरणभात कालवायला बसले. मी समोर होते. मला कुणी काही म्हणालं नाही. रागवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, बरंच झालं म्हणायचं. मी आरशासमोर उभी राहून चेहरा सरळ ठेवायची सवय करते आहे, हे ऐकून तुला हसू येईल. जमत नाही. माझ्या चेहऱ्याला माझ्याआधी कळतं.

आज तिच्या बाबांची कारखान्यात पहिली पाळी होती, पहाटेच गेले. म्हणून सकाळी आम्ही दोघीच. केसांना रिबीन बांधताना ती नेहमीसारखी वळवळली नाही, सरळ बसली. बुटात डावा पाय घालायला वेळ लागला. मी चेहरा खाली करून डबा भरत होते, तशीच विचारलं, "दुखते का?" ती म्हणाली, "नाई." बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. मी बाटलीत कोमट पाणी भरलं, स्वेटरची वरची गुंडी लावली, आणि ती गेली. ती चालताना मी मागून तिचे पाय पाहिले. बरे वाटले. खात्रीनं सांगता येत नाही.

तेव्हापासून फोन मांडीवर घेऊन बसले आहे. शाळेतून फोन आलेला नाही. शाळा सुटायला अजून वेळ आहे. हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार नाही, तिच्या बाबांनाही दाखवणार नाही. तुला मात्र सांगून टाकते. सकाळी मला तिला दुसऱ्यांदा विचारता आलं असतं. तिच्यासमोर बसून, तिचे डोळे माझ्याकडे वळवून विचारता आलं असतं, आणि ती कदाचित खरं बोललीही असती. मी नाही विचारलं. मला तिचं ते 'नाई' हवं होतं, माय, ते खरं असो की खोटं.