शेवटचा हात

होसूर,
११ मे १९९८

तीर्थरूप चित्तप्पांच्या सेवेशी,
याळिनीचा सा. न. वि. वि.

सकाळी सुखरूप पोचले. चित्तीने बांधून दिलेले पणियारमचे गोड आप्पे शेजारच्या आजींनी अर्धे संपवले आणि वर गूळ कमी पडला म्हणून तक्रारही केली. चित्तीला सांगू नका.

कालच्या मोटारसायकल शर्यतीनंतर इळंगो सख्ख्या बहिणीशी, माझ्याशी, बोललेला नाही. बोलला ते एकदाच, पिटमधल्या साऱ्या मेकॅनिकांसमोर, की अक्का, तुझं गणित पहिलं आलं, माझी गाडी मात्र सातवी आली. टीम वरदराजन सरांची, त्यांनी पुढच्या शर्यतीला गाडी जुळवायचं काम माझ्याकडून काढून प्रेमनाथला दिलं आहे. मला म्हणाले, शिकलेल्या पोरीला एक संधी दिली, प्रयोग संपला. मी हो म्हटलं आणि माझे पाने गोळा केले.

पण मला हे उलगडत नाही. इळंगो म्हणतो, सरळ रस्त्यावर गाडी छान पळत होती. वळणातून बाहेर पडताना अर्ध्या मुठीवर मात्र घशात पाणी अडकल्यासारखी गुरगुरत होती. पूर्ण मूठ पिळली की पेट्रोल मोठ्या जेटच्या भोकाच्या मापाने येतं, तिथे दोष नव्हता. अर्ध्या मुठीवर ते कार्ब्युरेटरमधली सुई ठरवते. म्हणजे सुईच. चेन्नईच्या मे महिन्यात हवा विरळ असते, म्हणून मी सुईवरची क्लिप मधल्या तिसऱ्या खाचेतून काढून वरच्या दुसऱ्या खाचेत घातली होती. क्लिप वर गेली की सुई खाली बसते, पेट्रोल कमी जातं, हे तुम्हीच मला शिकवलं, मी फ्रॉक घालत होते तेव्हा. तरी प्लग काजळीने काळा निघाला! पेट्रोल जास्त झाल्याची खूण. संध्याकाळी सरांनी कार्ब्युरेटर उघडला तर क्लिप मी घातली तशी दुसऱ्या खाचेतच. सगळे म्हणाले, बघा, हिची दुसरी खाच चुकली.

तुम्हाला काय वाटतं? आमच्या अप्पांच्या शर्यतीच्या गाड्या तुम्हा धाकट्या भावाच्याच हाताखालून गेल्या. तुमचं मत मला सरांच्या मतापेक्षा जास्त मोलाचं.

चित्तीला नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

आपली मुलगी,
याळिनी


कोइंबतूर, पीळमेडु,
१५ मे १९९८

चि. याळिनीस चोक्कलिंगमचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चित्तीने आधी वाचलं आणि पणियारमची तक्रार तिला कळली. आता त्या आजींचा पत्ता मागते आहे, एक डबा पाठवून भांडायला.

तंगम, माझ्या सोन्या, सुई म्हणजे काही तुझ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतला तराजू नव्हे. हवेत दमटपणा असतो, पेट्रोलमध्ये भेसळ असते, कधी पेट्रोल रोखणारा फ्लोट अडकतो. चाळीस वर्षं मी प्लग बघतो आहे, तरी दर वेळी वाचता येतो असं नाही. एखादी चूक झाली तर काय आभाळ कोसळलं? इळंगो धाकटा आहे, तापट आहे. तूच एकदा फोन करून टाक, चुकलं म्हणून. मोठीने नमतं घेतलं की घर शांत होतं.

आणि एक. पेट्रोल जास्त झालं म्हणून आजवर कोणी मेलेलं नाही. हरला, पण घरी आला. एवढं मला पुरे आहे.

प्रेमनाथ चांगला मुलगा आहे, थोडा घाईचा. इळंगो सांगतो, ‘दुसऱ्या खाचेवर काजळी धरली, म्हणजे आता सरळ पहिलीत घालू’ असं तो म्हणतो आहे. काय ते तुम्ही तरुण जाणा.

पाव्वक्का पोरी, कडू कारल्या, वेळेवर जेव. आशीर्वाद आहेतच, ते लागू देत.

चित्तप्पा


होसूर,
१९ मे १९९८

तीर्थरूप चित्तप्पा यांस,
याळिनीचा सा. न.

तुमचं पत्र वाचून मी इथल्या कारखान्यातल्या चाचणी-बाकावर तसंच इंजिन, तशीच सुई लावली. खोली चेन्नईएवढी तापवली. दुसऱ्या खाचेवर प्लग बिस्किटी रंगाचा आला, हवा तसा. काळा आला तो फक्त चौथ्या खाचेवर. तीन वेळा करून पाहिलं. फ्लोट नाही, भेसळ नाही.

म्हणजे शर्यतीत सुई चौथीत होती, आणि संध्याकाळी सरांनी उघडण्याआधी कोणी तरी ती पुन्हा दुसरीत आणून ठेवली.

कोणी, हे मला खाचेनेच सांगितलं. आमचं वाईट चिंतणाऱ्याने सुई खाली उतरवली असती. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलबरोबरच तेल मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो, मागचं चाक अडकतं आणि स्वार फेकला जातो. अप्पा तसेच गेले. ही सुई उलट वर उचललेली होती. इळंगो हरावा पण पडू नये, असं वाटणाऱ्याने. असा माणूस जगात एकच आहे. पूजा झाल्यावर, चाकाखाली लिंबू ठेवल्यावर, कार्ब्युरेटरच्या झाकणाला शेवटचा हात घरातल्या वडीलधाऱ्याने लावायचा, ही आपल्या घरची रीत. तेव्हा आम्ही दोघं डोळे मिटून उभे असतो. संध्याकाळी गाडी बांधायलाही तुम्हीच होतात.

भीती मला समजते. माझा हिशेब तुम्हाला पटत नव्हता, तर तसं म्हणायचं होतं. मी आकडे मांडले असते, तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, आपण तिसरीवर आलो असतो. सुई परत फिरवणं मात्र भीतीपोटी झालेलं नाही. ते माझ्या नावावर दोष राहावा म्हणून झालं. आणि वर मला फोन करून माफी मागायला सांगितलंत.

आता हे नीट वाचा. प्रेमनाथ पहिल्या खाचेकडे निघाला आहे तो केवळ ‘दुसरी खाच काळी आली’ या खोट्यावर. दुसरी काळी नव्हतीच. पहिलीत इळंगोचं इंजिन या उन्हात फार फेऱ्या टिकणार नाही. मी काल फोन केला. त्याने माझा आवाज ऐकून ठेवून दिला. माझं कोणी ऐकणार नाही, ती सोय तुम्हीच केली आहे. सराव २६ तारखेपासून आहे. तुम्ही जा आणि सर्वांसमोर सांगा.

याळिनी


पूनमल्ली, चेन्नई,
२७ मे १९९८

चि. याळिनीस आशीर्वाद.

सांगितलं. सरांसमोर, प्रेमनाथसमोर, चहावाल्यासमोरसुद्धा.

काल पोचलो तेव्हा इळंगो ट्रॅकवर होता. गाडीचा आवाज पातळ, टिनाचा डबा वाजवल्यासारखा. तो आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला आहे. मी आडवा जाऊन हात हलवत उभा राहिलो. इळंगो ओरडला की म्हाताऱ्या, मरायचंय का? प्लग काढला तर पांढरा, चुन्यासारखा, पेट्रोल कमी पडल्याचा. मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, पोरगी बरोबर होती तर. इळंगोने हेल्मेट आपटलं आणि विचारलं की अक्काला तुम्ही असं कसं केलंत? त्याचं उत्तर तुला देतो. तुझा हिशेब बरोबर असेल, हे मला माहीत होतं, याळिनी. तुझ्या बापाचाही बरोबरच असायचा, तरी तो गेला. भीती वाटली ती त्याचीच.

सर तुला परत बोलावतात. रविवार ७ जूनला शर्यत. इळंगोने सुईला कोणाचा हात लागू दिलेला नाही. ये. मी शेवटचा हात लावतो, या वेळी तुझ्या डोळ्यांदेखत.

चित्तप्पा


होसूर,
३१ मे १९९८

तीर्थरूप चित्तप्पा यांस,
सा. न.

इळंगोचा फोन आला. म्हणाला की अक्का, प्लग कुठल्या रंगाचा हवा ते परत सांग. मी सांगितलं.

शनिवारी येते आहे. सुई दुसऱ्या खाचेत बसेल. पाऊस झाला, हवा गार झाली, तर तिसरीत. ते मी तिथे ठरवीन. पूजा होईल, लिंबू ठेवू, तुमच्या पायाही पडेन. मात्र झाकण मी लावीन, आणि माझ्यानंतर त्याला कोणाचा हात लागणार नाही. रीत मोडते आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही प्रेक्षकांत बसा. आवाज तिथूनही ऐकू येतो. टिनासारखा वाटला तर उभे राहून हात हलवा. मी तुमच्याकडे बघत असेन.

डोळे मात्र मिटणार नाही.

चित्तीला नमस्कार. ती डबा पाठवणार असेल तर गूळ तिच्या मनाप्रमाणेच घालू दे.

आपली पुतणी,
याळिनी